नाकी नऊ : सायनसवरील उपचारांच्या इतिहासातील काही पाने

‘मला सायनस आहे’ हे वाक्य मराठीत आता इतके रुळले आहे की त्यातील गंमत कोणाच्या ध्यानात येत नाही. सायनस प्रत्येकालाच असतो. कपाळात, गालांच्या हाडांत, दोन्ही डोळ्यांच्या मध्ये आणि नाकाच्या मागे कवटीच्या तळाशी, अशा हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या निसर्गाने सर्वांना वाटल्या आहेत. ‘मला यकृत आहे’ असे कण्हत सांगणाऱ्या माणसाकडे आपण चमकून पाहू. सायनसच्या बाबतीत मात्र अवयवाचेच नाव आजाराला मिळाले. निरोगी माणसाला या पोकळ्यांचा आयुष्यभर पत्ता नसतो. त्या आपल्या डोक्यात आहेत हे ज्याला कळते, त्याला ते त्या बिघडल्यावरच कळते.

आम्ही या दुखण्याच्या जुन्या भोग्यांपैकी आहोत. खाली वाकताच कपाळात दाटून येणारे जडपण, महिनेच्या महिने हरवलेला वास, घशामागून उतरणारा चिकट स्राव आणि या सगळ्यामुळे येणारा एक मंदपणा, यांचे वर्णन करावे तर ऐकणारा म्हणतो, ‘म्हणजे सर्दीच ना?’ या दुखण्याने सहसा कोणी मरत नाही, म्हणून त्याला प्रतिष्ठाही नाही. क्षयावर कादंबऱ्या झाल्या. चोंदलेल्या नाकावर फार तर विनोद होतात. तरी मराठी भाषेने नाकाची दखल घेतली आहे. अगदी जेरीस येण्याला आपण ‘नाकी नऊ येणे’ म्हणतो. शरीराच्या नवद्वारांतील प्राण शेवटी नाकाशी गोळा होतात, अशी या वाक्प्रचाराची एक उपपत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, नाक हे दार आहे ही कल्पना तिच्यात आहे, आणि पुढे दिसेल की या रोगाच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची ठरलेली वस्तू दारच आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडे, कारण त्याचा प्रवास आपल्या घरापासून सुरू होतो. भारतीय गणितात वर्तुळाच्या जीवेला ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ म्हणत. अरबी गणितज्ञांनी हा शब्द उच्चारानुसार ‘जिबा’ असा घेतला. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहिले जात नसल्याने पुढे तो ‘जैब’ असा वाचला गेला. जैब म्हणजे वस्त्राचा गळ्याजवळचा घोळ, खोळ. आपल्या परिचयाचा ‘जेब’ त्याच कुळातला. बाराव्या शतकात अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आले तेव्हा अनुवादकांनी ‘जैब’चे भाषांतर ‘सायनस’ असे केले, कारण लॅटिनमध्येही सायनस म्हणजे घोळ, कुशी, खाडीचे वळण. त्रिकोणमितीतली ‘साइन’ आणि गालाच्या हाडातला ‘सायनस’ हे असे एकच शब्द आहेत. शरीरशास्त्रज्ञांनी हा शब्द पोकळीसाठी वापरला. आम्ही पुढे ‘कोटर’ म्हणणार आहोत. झाडाच्या ढोलीला शोभणारा हा शब्द येथेही शोभतो. ढोलीला असते तसे याही पोकळीला एक लहानसे तोंड असते.

या रोगावरील उपचारांचा इतिहास आम्हांला दोन प्रश्नांचा इतिहास वाटतो. हा कफ येतो कोठून, हा पहिला प्रश्न. आणि तो जातो कोणत्या वाटेने, हा दुसरा. पहिल्याचे बरोबर उत्तर सतराव्या शतकात मिळाले. दुसऱ्याचे मिळायला विसावे शतक उजाडावे लागले. मधल्या काळात चुकीच्या उत्तरांची किंमत रोग्यांनी आपल्या हाडामांसाने चुकवली.

पहिल्या प्रश्नाचे प्राचीन युरोपीय उत्तर होते : मेंदूतून. दुसऱ्या शतकातील गेलेन या वैद्याच्या मते मेंदूतला मळ कवटीच्या तळाशी असलेल्या चाळणीसारख्या हाडातून नाकात झिरपतो. ‘कॅटार’ या ग्रीक मुळाच्या शब्दाचा अर्थच ‘खाली वाहणे’. संधिवाताला ‘ऱ्हुमॅटिझम’ हे नाव पडले तेही प्रवाहाच्या याच कल्पनेतून. डोक्यातून निघालेला स्राव सांध्यांत जाऊन साचतो असे मानले जाई. मेंदूच्या तळाशी लोंबणाऱ्या ग्रंथीला ‘पिट्युइटरी’ म्हणतात तेही कफवाचक लॅटिन शब्दावरून. वेसेलियसने १५४३ साली तिचे वर्णन मेंदूचा कफ झेलणारी ग्रंथी असे केले होते. तिचे खरे काम आज सर्वांना ठाऊक आहे; नाव मात्र तसेच राहिले. चुकीचे सिद्धान्त मरतात, त्यांनी ठेवलेली नावे मरत नाहीत.

आपल्याकडील विचारातही कफाचा डोक्याशी आणि नाकाशी घट्ट संबंध आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नासारोगांची स्वतंत्र प्रकरणे आहेत. ३१ रोग तेथे मोजले आहेत. प्रतिश्याय म्हणजे आपले पडसे, आणि ते दुर्लक्षिले गेले की दुष्ट प्रतिश्याय होतो, ही मांडणी जुनाट सायनस भोगणाऱ्या कोणालाही ओळखीची वाटेल. दुर्गंधी, वास न येणे, कधी कोरडे कधी वाहते नाक ही त्याची लक्षणे वाचताना दोन सहस्रकांचे अंतर जाणवत नाही. नाक हे शिराचे द्वार आहे, तेव्हा शिराचे औषध त्याच द्वाराने द्यावे, हे नस्यामागचे सूत्र. अणुतैलासारख्या तेलाचे थेंब, औषधी चूर्ण, धूम, स्वेदन असा तो क्रम होता. कोटरांची रचना या ग्रंथकारांना ठाऊक होती असे म्हणता येणार नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. रोग कसा वागतो याचे त्यांचे निरीक्षण चोख होते, एवढे पुरेसे आहे.

कोटर डोळ्यांनी पाहिले ते लिओनार्दो दा विंची यांनी. १४८९ साली त्यांनी कवटी उभी कापून तिची जी चित्रे काढली, त्यांत कपाळातली व गालातली पोकळी स्पष्ट दिसते. दातांच्या मुळांना पोसणारा रस तेथे असावा, असा त्यांचा तर्क होता. ही चित्रे पुढे शतकानुशतके अप्रकाशित राहिली. त्यामुळे गालातल्या कोटराला नाव मिळाले ते नॅथॅनिएल हायमोर या इंग्लिश वैद्याचे, त्यांच्या १६५१ सालच्या शरीररचनेवरील ग्रंथामुळे.

या ग्रंथात हायमोर यांनी एका स्त्रीची हकीकत नोंदवली आहे. तिचा वरचा सुळा काढला तेव्हा त्याच्या खोबणीतून थेट गालातल्या पोकळीत वाट पडली आणि तेथून स्राव वाहू लागला, तो थांबेना. हा येतो तरी कोठून म्हणून तिने त्या छिद्रात चांदीची सळई घालून पाहिली. मग एक पीस सोलून घातले. ते जवळजवळ पूर्ण लांबी आत गेले, आणि ते आपल्या मेंदूत शिरले या कल्पनेने ती बाई भयभीत झाली. हायमोर यांनी तिला हाडातल्या त्या पोकळीची रचना समजावून सांगितली आणि तिची भीती घालवली. त्यांनी तिला कोणते औषध दिले यापेक्षा ही समजूत आम्हांला मोलाची वाटते. कफ मेंदूतून येतो असे पढवलेल्या काळात तो गालाच्या हाडातून येतो आहे, मेंदू सुखरूप आहे, हे कळणे हा तिचा पहिला आराम होता.

मेंदूचे उत्तर शास्त्रीयदृष्ट्या निकालात काढले ते विटेनबर्गच्या कॉनराड व्हिक्टर श्नायडर यांनी. चाळणीच्या हाडातून मेंदूतले काही नाकात उतरू शकत नाही, आणि कफ निर्माण करते ती नाकाचीच आतली श्लेष्मल त्वचा, हे त्यांनी १६६० नंतरच्या आपल्या विस्तृत ग्रंथांत सिद्ध केले. नाकाच्या अस्तराला आजही त्यांचे नाव दिले जाते. पहिला प्रश्न सुटला.

आता दुसरा. कोटरात पू साचला आहे, तो बाहेर कसा काढायचा? याचे उत्तर कोणालाही सुचेल असे होते : टाकी तुंबली तर तळाशी भोक पाडावे. विल्यम काउपर या इंग्लिश शल्यवैद्याने वरची दाढ काढून तिच्या खोबणीतून कोटर रिकामे करण्याची रीत सांगितली; जेम्स ड्रेक यांच्या १७०७ सालच्या शरीररचनेवरील ग्रंथात ती आली आहे. हायमोरच्या रुग्णेच्या बाबतीत जे अपघाताने घडले, ते आता मुद्दाम केले जाऊ लागले. रोग्याने एक दात द्यावा आणि मोकळा श्वास घ्यावा असा तो सौदा होता.

नाकाच्या आत शस्त्र चालवणे भुलीवाचून असह्य असल्याने ही विद्या दीर्घकाळ मर्यादित राहिली. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखवला, आणि थोड्याच काळात नाकाचा प्रदेशही शल्यविशारदांना खुला झाला. उत्साहाच्या या काळातली एक हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. ती कोटरांवरच्या शस्त्रक्रियेची नाही, तरी नाकाच्या रोग्याचे बोलणे कसे ऐकले जाते याचा तो एक धडा आहे.

सिग्मंड फ्रॉइड स्वतः नाकाच्या जुनाट दुखण्याने बेजार होते. त्यांचे बर्लिनचे मित्र विल्हेल्म फ्लीस हे नाक-घशाचे वैद्य. त्यांनी फ्रॉइड यांच्या नाकावर उपचार केले, कोकेनही सुचवले. अनेक शारीरिक आणि मानसिक तक्रारींचे मूळ नाकात असते असा फ्लीस यांचा सिद्धान्त होता. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी फ्रॉइड यांच्या रुग्ण एमा एकश्टाइन यांच्या नाकातील शिंपल्यासारख्या वळलेल्या हाडाचा भाग काढला आणि ते बर्लिनला परतले. एमा यांना वेदना होत राहिल्या, दुर्गंधी येऊ लागली, रक्त वाहू लागले. अखेर दुसऱ्या वैद्याने नाकातून डोकावणारा एक धागा ओढला, तेव्हा फ्लीस आत विसरून गेलेली सुमारे अर्धा मीटर पट्टी बाहेर आली. त्या क्षणीच्या रक्तस्रावाने त्या मरता मरता वाचल्या. चेहऱ्यावरचे व्यंग मात्र कायमचे राहिले. त्याच वर्षीच्या जुलैत फ्रॉइड यांना ते प्रसिद्ध ‘इर्माचे स्वप्न’ पडले, ज्यात रुग्णेच्या घशात पाहिले असता नाकातल्या हाडांसारखे काही दिसते. आणि पुढच्याच वर्षी त्यांनी फ्लीस यांना लिहिले की एमा यांचा रक्तस्राव मानसिक होता, उत्कंठेतून आलेला होता. पट्टी ज्यांच्या डोळ्यांदेखत निघाली त्यांनीच हे लिहावे! हा पत्रव्यवहार संपूर्ण स्वरूपात १९८५ साली प्रसिद्ध झाला. तो समोर ठेवला म्हणजे ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ हे वाक्य ऐकलेल्या प्रत्येक जुनाट रोग्याला एमा यांच्यात आपली थोरली बहीण दिसेल.

असो. तळाशी भोक पाडण्याच्या विचाराने आपले शिखर गाठले ते याच दशकात. न्यूयॉर्कचे जॉर्ज काल्डवेल १८९३ साली, लंडनचे स्केन्स स्पायसर १८९४ साली आणि पॅरिसचे आंरी ल्युक १८९७ साली, असे तिघे एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकाच शस्त्रक्रियेपाशी पोचले. इतिहासाने स्पायसर यांना वगळून तिला ‘काल्डवेल-ल्युक’ म्हटले. वरचा ओठ उचलून हिरडीच्या वर छेद घ्यायचा, गालाचे हाड फोडून कोटरात शिरायचे, आतले रोगट अस्तर खरवडून काढायचे आणि कोटराच्या तळाजवळ नाकात उघडणारी एक नवी खिडकी ठेवायची, म्हणजे पुढे जे साचेल ते आपोआप खाली वाहून जाईल. सात-आठ दशके ही शस्त्रक्रिया जगभर रूढ होती. जेथे एवढे करायचे नसे तेथे नाकातून जाड सुई कोटरात घालून ते पिचकारीने धुऊन काढत; तेही पुन्हा पुन्हा.

या शस्त्रक्रियेने आराम कोणालाच पडला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पू निघून जाण्याचे सुख ज्याचे त्यालाच माहीत. परंतु पुष्कळांचे गाल आणि दात बधिर झाले, अनेकांना दुखणे परत आले, आणि काहींच्या गालात वीस-वीस वर्षांनी द्रवाच्या गाठी निघाल्या. जपानमध्ये, जेथे या शस्त्रक्रिया फार मोठ्या प्रमाणात झाल्या, या उशिरा उद्भवणाऱ्या गाठी हा दंतवैद्यांच्या आणि शल्यवैद्यांच्या नित्य परिचयाचा विषय झाला. आणि सर्वांत बुचकळ्यात टाकणारी गोष्ट ही की तळाची खिडकी सताड उघडी असूनही कित्येकांचे कोटर पुन्हा तुंबत असे. भोक आहे, उतार आहे, तरी पाणी जात नाही, याचा अर्थ काय?

अर्थ असा होता की कोटर ही टाकीच नव्हे. त्याच्या अस्तरावर पक्ष्माभिका म्हणजे पापणीच्या केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात. ते सेकंदाला दहा-बारा वेळा एकाच दिशेने झुलतात आणि आपल्या अंगावरची श्लेष्माची पातळ चादर मिनिटाला काही मिलिमीटर वेगाने सरकवत नेतात. गालाच्या कोटराचे नैसर्गिक दार तळाशी नसून वर, छताजवळ आहे. हा झाडू म्हणून कचरा खालून वर, चढावर लोटत त्या दाराशी नेतो. अमेरिकेत मिनेसोटातील डुलुथ येथे अँडरसन हिल्डिंग यांनी १९३० नंतरच्या दशकात आणि १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हा झाडू बारकाईने अभ्यासला. प्राण्यांच्या कोटरांत कृत्रिम खिडक्या पाडल्या तरी श्लेष्माला त्यांचे सोयरसुतक नसते, असे त्यांना दिसले. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी पुढे हीच वाट मानवी कोटरांत चित्रपटाच्या फितीवर टिपली. श्लेष्मा तळाच्या खिडकीच्या कडेपर्यंत येतो, तिला वळसा घालतो आणि वरच्या आपल्या मूळ दाराकडेच चालू लागतो.

अर्ध्या शतकाहून अधिक काळ शल्यवैद्य ज्या खिडकीवर विसंबले होते, तिच्याकडे शरीराने ढुंकूनही पाहिले नव्हते. आणि अस्तर खरवडून टाकताना त्यांनी झाडूच फेकून दिला होता.

मेसरक्लिंगर यांना आणखी एक गोष्ट आढळली. कपाळातल्या आणि गालातल्या कोटरांची दारे नाकाच्या बाजूच्या भिंतीत एका अरुंद बोळात उघडतात. तो बोळ सुजेने वा एखाद्या वाकड्या हाडाने बंद झाला की मागची मोठी दालने तुंबतात. रोगी कपाळ धरून बसतो. दुखण्याचे मूळ मात्र डोळ्यांच्या मधल्या त्या चिंचोळ्या जागेत असते. तेव्हा गालाचे हाड फोडू नये, बोळ मोकळा करावा. अस्तर खरवडू नये, जपावे. दार उघडले की आतले बरेचसे आपोआप सुधारते.

हे करायला तेथपर्यंत दिसले पाहिजे. ती सोय इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉपकिन्स यांनी केली. जुन्या दुर्बिणींत लांब हवेच्या नळीत लहान काचेची भिंगे असत. हॉपकिन्स यांनी १९५९ च्या सुमारास हा क्रम उलटा केला, लांब काचेच्या कांड्या आणि त्यांच्या मध्ये हवेची ‘भिंगे’. प्रकाश आणि स्पष्टता कितीतरी पट वाढली. ब्रिटनमध्ये या कल्पनेला कारखानदार मिळेना. जर्मनीतील टुटलिंगेनच्या कार्ल स्टोर्झ यांनी ती उचलली. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन झाले आणि पुढे त्या बोळाचा नकाशा आधीच पाहता येऊ लागला. मेसरक्लिंगर यांचा ग्रंथ १९७८ साली इंग्रजीत आला. ग्राझचे हाइन्झ श्टामबर्गर आणि बाल्टिमोरचे डेव्हिड केनेडी यांनी ही पद्धत जगभर नेली, आणि केनेडी यांच्या १९८५ सालच्या लेखांपासून तिला ‘फंक्शनल’ शस्त्रक्रिया म्हणू लागले. आपल्याकडे आज ‘सायनसचे दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हणतात ते हेच. त्या इंग्रजी विशेषणातच सारा बदल साठवलेला आहे : अवयवाचे काम परत मिळवणे हा हेतू, अवयव काढणे हा नव्हे.

येथे कथा संपली असती तर ती फार सुखान्त झाली असती. पण दार उघडूनही काहींना पुन्हा त्रास होतो, विशेषतः ज्यांच्या नाकात मांसल कोंब म्हणजे पॉलिप वाढतात त्यांना. वैद्यकाने हळूहळू मान्य केले की बारा आठवड्यांहून अधिक टिकणारा हा जुनाट रोग निव्वळ तुंबण्याचा नाही. तो अस्तराच्या दीर्घ दाहाचा आहे, आणि हा दाह दम्याचा सख्खा भाऊ आहे. १९७० नंतरच्या दशकात आलेले स्टेरॉइडचे फवारे म्हणून आजही उपचाराचा पाया आहेत. तीव्र पॉलिपच्या रोग्यांसाठी २०१९ पासून दाहाच्या विशिष्ट रेणूंना अडवणारी इंजेक्शनेही मिळतात. प्रतिजैविकांची जुनाट दुखण्यातली जागा मात्र पूर्वी वाटे त्याहून लहान ठरली. आणि ज्याला आपण ‘सायनसची डोकेदुखी’ म्हणतो ती पुष्कळदा सायनसची नसतेच. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात अशी तक्रार सांगणाऱ्या २,९९१ जणांपैकी ८८ टक्के लोकांची लक्षणे अर्धशिशीच्या निकषांत बसली. निदानाचे दार चुकले तर कोणतीही दुर्बीण कामाची नाही.

या सगळ्या वाटचालीत एक जुनी गोष्ट मागच्या दाराने परत आली, ती म्हणजे मिठाचे पाणी. जलनेती हजारो वर्षांची आहे असे सरसकट सांगितले जाते. त्यात थोडी दुरुस्ती हवी. पंधराव्या शतकातील हठप्रदीपिकेत षट्कर्मांपैकी नेती येते ती सुताची. वीतभर मऊ सूत नाकात घालून तोंडातून काढायचे. घेरंडसंहितेतही नेती सुताचीच. नाकाने पाणी ओढून तोंडाने सोडण्याची क्रिया तेथे कपालभातीच्या एका प्रकारात सांगितली आहे. (नाकातून दोरा ओढण्याची कल्पना ग्रीकांनाही सुचली होती, स्पंजाला दोरे बांधून तो नाकातून घशात ओढत पॉलिप उपटण्याची रीत हिपॉक्रेटिसच्या परंपरेत आढळते. तीपेक्षा आपले सूत पुष्कळच दयाळू.) तोटीच्या भांड्याने एका नाकपुडीतून घेऊन दुसरीतून सोडण्याची आजची जलनेती घरोघरी पोचली ती विसाव्या शतकात योगाचे शिक्षण मठांबाहेर आले तेव्हा. त्या बदलात महाराष्ट्राचा वाटा आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापले, ‘योगमीमांसा’ नियतकालिक काढले आणि यौगिक क्रिया प्रयोगशाळेत मोजता येतात असा आग्रह धरला.

तो आग्रह या क्रियेच्या बाबतीत अखेर फळाला आला, तोही परदेशात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे ७६ रोग्यांवर झालेली एक चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली. सहा महिने रोज दोन टक्के मिठाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या गटाची लक्षणे उणावली आणि त्यांची प्रतिजैविकांची व फवाऱ्यांची गरजही घटली. नंतरचे आढावे अधिक सावध आहेत. पुरावा माफक आहे, पण फायद्याच्या बाजूचा आहे. आज जुनाट सायनसच्या उपचारांत, शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतरही, नाक धुणे सर्वत्र सांगितले जाते. कारण आता समजते : पाणी कोटरात शिरून ते धूत नसले तरी दारासमोरचा बोळ स्वच्छ ठेवते. थकलेल्या झाडूला थोडी मदत मिळते. परंतु परंपरेचे नाव घेतले की सावधगिरी सुटते असेही नाही. २०११ साली अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात नळाचे कच्चे पाणी अशा भांड्यात वापरणाऱ्या दोघांचा, पाण्यातील अमीबा नाकावाटे मेंदूत गेल्याने, मृत्यू झाला. नाकातून मेंदूकडे जाणाऱ्या त्या चाळणीची गेलेनने उगीचच भीती घातली नव्हती. फक्त प्रवासाची दिशा त्याने उलटी सांगितली. पाणी उकळून गार केलेले असावे, भांडे स्वच्छ असावे, एवढे पथ्य अटळ आहे.

आपल्या घरांतही आरामाची एक परंपरा आहे. तव्यावर गरम केलेल्या ओव्याची पुरचुंडी, कपाळावर सुंठ-वेखंडाचा उगाळलेला लेप, निलगिरीचा वाफारा, आजोबांची तपकीर. त्यांकडे नाक मुरडण्याचे कारण नाही. मात्र त्या काय करतात हे जाणून घ्यावे. बाममधल्या मेंथॉलने नाक उघडल्यासारखे वाटते, पण हवेचा मार्ग मोजून पाहिला तर तो होता तेवढाच असतो. मेंथॉल नाकातील थंडपणाच्या संवेदनेला जागे करते आणि आपण मोकळे झालो असे मेंदूला सांगते. ही फसवणूक निरुपद्रवी आहे. दुकानातून घेऊन रोज टाकायचे नाक उघडणारे थेंब मात्र तसे नाहीत. चार-सहा दिवसांपलीकडे ते चालू राहिले तर उतरलेली सूज दुप्पट होऊन परतते, मग पुन्हा थेंब, आणि उपाय हाच रोग होऊन बसतो.

मराठीत ‘बरे होणे’ आणि ‘बरे वाटणे’ असे दोन वेगळे प्रयोग आहेत. वैद्यकाचा इतिहास लिहिणारे बहुधा पहिल्याच्या मागे लागतात, आणि जुनाट रोगी मात्र दुसऱ्यात जगतो. काल्डवेल-ल्युकची शस्त्रक्रिया ‘बरे होण्या’च्या हट्टातून जन्मली, रोगट दिसणारे सारे समूळ काढायचे, म्हणजे प्रश्न संपला. मेसरक्लिंगर यांनी शरीर स्वतः काय करू पाहते आहे ते आधी पाहिले, आणि मग त्याला अडणारे तेवढेच बाजूला केले. आज कोणताही प्रामाणिक वैद्य जुनाट सायनसच्या रोग्याला ‘हे कायमचे जाईल’ असे वचन देत नाही. रोज नाक धुवा, फवारा सोडू नका, गरज पडली तर दार रुंद करू, आणि पुन्हा या, असे तो सांगतो. हे आश्वासन लहान वाटते, पण साडेतीन शतकांपूर्वी हातात सोललेले पीस धरून भ्यालेल्या त्या स्त्रीला हायमोर यांनी जे दिले, ते याच जातीचे होते : आत काय आहे याचे खरे ज्ञान आणि त्यातून येणारा धीर.

सकाळी कोमट पाण्याचे भांडे हाती घेऊन मान तिरकी करताना आम्हांला हे सारे आठवते. पाणी एका नाकपुडीतून जाते, दुसरीतून येते. पुढचे काही तास श्वास दोन्ही बाजूंनी चालतो. एखाद्या दिवशी चहाचा वासही येतो.